देवत्व नसलेला वृक्ष

सिद्धवटाला दूध वाहून क्षिप्रेच्या घाटावरून परतताना एक प्रश्न अनेकदा मनात उभा राहतो. हा वट साक्षात् पार्वतीने लावला अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड चालविण्याचा विचारही कोणाच्या मनास शिवत नाही. परंतु ज्या वृक्षाखाली कोणी दिवा लावीत नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास प्लिमथ शहराजवळ एकोणिसाव्या शतकात रानटी नासपतीची एक जात आढळली. फळ गोटीएवढे व कठीण. फुलांचा वासही सुखद नव्हे. झाडे मोजकीच, शेतांच्या कुंपणांतून उरलेली, आणि त्यांतील कित्येक एकाच मुळापासून फुटलेली. त्यामुळे परस्परांच्या परागाने त्यांना फळ धरत नाही. फ्रान्स व स्पेनमध्ये ही जात आहे, तेव्हा तेथील झाडे गेली तर जगाचे काय अडले, असे कोणीही विचारील. तरीही १९८१ च्या कायद्याने त्या देशाने तिला अभय दिले.

आपल्या माळव्यात मांडवगडची गोरखचिंच आहे. लोक तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेतील, हत्तीच्या पायासारखे खोड, वर्षातील कित्येक महिने निष्पर्ण, फुले रात्री उमलणारी. काही वर्षांपूर्वी असे जुने वृक्ष समूळ खणून दूरच्या उद्यानासाठी नेऊ लागले, तेव्हा ग्रामस्थ आडवे आले. झाड परक्या देशाचे, मग त्याचा एवढा कळवळा कशाला? पण दक्षिणेतून शिंद्यांच्या मागोमाग येथे आलेल्या आपल्या घराण्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये.

वृक्ष छाया देतो, फळ देतो, म्हणून तो राखावा असे आपण मुलांस शिकवितो. हा व्यवहार झाला. जो काहीच देत नाही त्याचे काय, याला त्यात उत्तर नाही. उलट आपल्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ पाहा. त्यातील बली कृमिकीटकांनाही आहे. तो टाकताना मुंगीचा उपयोग काय असे गृहस्थ विचारीत नाही. ती आहे, भुकेली आहे, एवढेच पुरते. माझ्या मते देवत्व व उपयुक्तता या दोहोंपलीकडील कर्तव्य येथे सांगितलेले आहे.

मात्र ते कोणी पाळावयाचे? ज्याच्या शेतात झाड उभे आहे, त्याला विक्रीचे पैसे मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीला हवे असतील, तर उज्जयिनीत बसून त्याला धर्म सांगणे सोपे आहे. त्याचा वृक्ष आपणा सर्वांसाठी राहावा असे वाटत असेल, तर त्याची झीजही सर्वांनी सोसली पाहिजे. आणि पूज्य वृक्षांना तरी आपण नीट वागवितो काय? पिंपळाचा पार बुंध्यापर्यंत सिमेंटने लिंपून घेतो, वर संगमरवर बसवितो, आणि मुळांना पाणी मिळेनासे झाल्यावर फांद्या वाळू लागल्या की शांत करवितो. एखाद्या पाराचे सिमेंट बुंध्याभोवती हातभर फोडून तेथे माती मोकळी करण्यास तर कोणाचा शेतमाल आड येत नाही.