ओझ्याची किंमत

बॉस्टन शहरातल्या ऑल्स्टन, मिशन हिल, फेनवे या भागांत ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी फिरलं, तर फुटपाथच्या कडेला टेबलं, खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, उभे दिवे, कढया, आरसे मांडून ठेवलेले दिसतात. ज्याला हवं त्यानं उचलावं. ऑल्स्टनमध्ये या दिवसांना ‘ऑल्स्टन ख्रिसमस’ असं नावच पडलं आहे. पंधरा दिवसांनी तसंच जुनं टेबल शोधायला निघालात, तर मात्र पैसे मोजावे लागतात. लाकूड तेच, बनावट तीच, मधल्या काळात त्याच्यात काही सुधारणाही झालेली नसते. मग किंमत शून्यावरून वर कशी गेली?

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पहिलं घर थोडक्या पैशांत लावायचं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर आधी नीट समजून घ्यायला हवं. घर लावताना आपण वस्तूंचे पैसे देतो असं वाटतं. पण त्यातला मोठा वाटा असतो तो वस्तू इथून तिथे, ठरलेल्या वेळेत नेण्याचा. हे ओझं कोण उचलतं, कधी उचलतं आणि किती जिने चढवतं, यावर किंमत ठरते. एवढं ध्यानात आलं, की स्वस्त काय आणि महाग काय हे एकेक करून उलगडत जातं.

आधी वेळेचं पाहू. हार्वर्ड, एमआयटी, बॉस्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थईस्टर्न अशी अनेक विद्यापीठं या एका परिसरात आहेत आणि त्यांची सत्रं सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. त्यामुळे तिथल्या भाड्याच्या बहुतेक घरांचे करार १ सप्टेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑगस्टला संपतात. म्हणजे हजारो बिऱ्हाडं एकाच दिवशी उठतात आणि एकाच दिवशी बसतात. जुनं घर ३१ तारखेला सोडायचं आणि नव्या घराची किल्ली १ तारखेला हातात पडायची, अशी मधली एक रात्र पुष्कळांच्या वाट्याला येते. त्या रात्री सगळा संसार भाड्याच्या ट्रकमध्ये असतो. ट्रक आधी मिळत नाहीत आणि मिळालेले पुरत नाहीत. चार्ल्स नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हवरचे पूल इतके बुटके आहेत, की उंच ट्रकना तिथे बंदी आहे. तरी जवळजवळ दर वर्षी कुणा नवख्याचा ट्रक तिथे अडकतो आणि त्याचं छत सोलून निघतं. जागा, वेळ आणि अंगातली ताकद तिन्ही संपत आलेली असताना ट्रकमध्ये न मावलेलं टेबल मालकाच्या लेखी एक अडचण होऊन बसतं. ते नेणारा माणूस मिळाला, तर त्याचीच सुटका होते. टेबल फुकट मिळतं ते या कारणानं.

महाराष्ट्रात वाढलेल्या मुलांना हे पटकन पचत नाही, कारण आपल्याकडे घरातून बाहेर जाणारी वस्तू काहीतरी देऊन जाते. रद्दीवाला वजन करून पैसे देतो, भंगारवाला पत्र्याची खुर्ची घेऊन जातो, बोहारीण जुन्या साड्यांवर पातेलं देते. हे सगळं दारावर येऊन, जिने उतरवून नेणाऱ्या माणसाच्या श्रमावर चालतं आणि ते श्रम आपल्याकडे फार स्वस्त आहेत. बॉस्टनमध्ये तेच दोन तासांचे श्रम जुन्या टेबलाच्या किमतीहून महाग पडतात. म्हणून तिथे वस्तू घराबाहेर काढायलाच पैसे लागतात. हा हिशोब कळला, की फुटपाथवरचं टेबल उचलताना वाटणारा संकोच उरत नाही. उकिरड्यावरचं उचलतोय असं समजायचं कारण नाही. ते वापरातलं, धडधाकट टेबल आहे. त्याचा प्रवास फक्त मध्येच थांबला आहे.

आता वाहतुकीचं. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांत साधारण १८८० ते १९३० च्या दरम्यान बांधलेली तीन मजली लाकडी घरं रांगेनं उभी आहेत. एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड आणि वर जायला अरुंद, वळणाचा जिना. रुंद सोफा किंवा मोठ्या पलंगाचा आखूड न होणारा सांगाडा त्या वळणावर हमखास अडतो. म्हणून फुकट सोफा तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला फुकट पडत नाही. त्यासाठी दोन मित्र, एक गाडी आणि एक दुपार खर्ची पडते. आणि दोन वर्षांनी तोच सोफा खाली उतरवायचा असतो. घड्या होणारी खुर्ची, पाय निघणारं टेबल, सुटे भाग होणारा पलंग या वस्तू खऱ्या अर्थानं स्वस्त. एकट्याला बगलेत धरून लोकलगाडीतून आणता येईल ते आधी घ्यावं, हा नियम पहिल्या महिन्यात फार उपयोगी पडतो.

आयकिया ही कंपनी याच गणितावर मोठी झाली. १९५६ च्या सुमारास गिलिस लुंडग्रेन या तिथल्या आरेखकाला एक टेबल गाडीत बसवता येईना, तेव्हा त्यानं पायच काढून ठेवले, अशी हकिकत कंपनी सांगते. सपाट खोक्यात सुटे भाग, आणि जोडणी गिऱ्हाइकाच्या घरी. शेवटचं ओझं गिऱ्हाईकच वाहतं, म्हणून वस्तू स्वस्त. पण बॉस्टनकरांसाठी आयकियाचं दुकान शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, स्टॉटन गावात आहे. गाडी नसलेल्या विद्यार्थ्यानं घरपोच मागवलं, तर पोचवण्याचा आकार टेबलाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. यातलं बरंचसं सामान पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेलं असतं. एकदा पिळून बसवलेला स्क्रू काढला, की पुन्हा त्याच भोकात तसा घट्ट बसत नाही. पहिल्या प्रवासात स्वस्त पडलेली वस्तू दुसऱ्या प्रवासात डगमगते. भरीव लाकडाचं जुनं टेबल दहा घरं पाहूनही तसंच उभं राहतं. म्हणून जुन्या बाजारात घेताना वस्तू किती जुनी आहे यापेक्षा तिचे सांधे कसे आहेत, हे हलवून पाहावं.

हाच विचार घरून निघताना बॅग भरतानाही लागू पडतो. अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्यात चादरी आणि उशा कोंबायच्या, का प्रेशर कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, सांडशी आणि मसाल्याचा डबा? चादर तिथे कुठेही मिळते. आपल्या धाटणीचा लहान कुकर शोधावा लागतो आणि मिळाला तर महाग मिळतो. थोड्या वजनात ज्याचा रोज उपयोग होईल, तेच ओझं समुद्रापार न्यावं. मिक्सर मात्र नेऊ नये. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथली वीज १२० व्होल्टची. मोटर धड फिरणार नाही आणि त्याला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर मिक्सरइतकाच जड. कुकरही घरातली शेगडी कुठली हे विचारून न्यावा, कारण साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही.

एका ओझ्याबद्दल मात्र कडक राहायला हवं. फुटपाथवरची गादी आणि कापडी सोफा उचलू नये. त्यांच्या शिवणीत ढेकूण असू शकतात. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम ५ मिलिमीटरचा. तो उपाशीपोटीही महिनोन्‌महिने तग धरतो आणि एकदा घरात शिरला, की औषधफवारणीचा खर्च सगळ्या फर्निचरच्या खर्चाला मागे टाकतो. लाकूड, लोखंड, काच घ्यावी. तीही सांधे, खाचा आणि स्क्रूची भोकं बॅटरीच्या उजेडात तपासून. कपडे आणि पडदे घेतलेच, तर घरात पसरण्याआधी कपडे वाळवण्याच्या यंत्रात सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवावेत. पन्नास अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. गादी नवीच घ्यावी. हल्ली फोमची गादी गुंडाळून खोक्यात येते आणि एक माणूस ती जिन्यानं वर नेऊ शकतो. नव्या गादीवर खर्च केलेले पैसे झोपेसाठी आणि निर्धास्तपणासाठी आहेत. तिथे काटकसर करू नये.

मग पहिल्या आठवड्यात लागतं तरी काय? तिथल्या भाड्याच्या घरात शेगडी आणि फ्रिज बहुधा असतो, भिंतीत कपाटही असतं. छताला दिवा मात्र पुष्कळ खोल्यांत नसतो, म्हणून एक उभा दिवा पहिल्याच दिवशी लागतो. गादी, दिवा, कुकर, दोन ताटं, एक पातेलं, आंघोळीची बादली किंवा मग. एवढ्यावर आठवडा निघतो. जमिनीवर बसून जेवण्याची आणि झोपण्याची आपल्याला सवय असते. तिच्यामुळे आपल्याला वाट पाहता येते, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ज्याला वाट पाहता येते त्याला भाव मिळतो. घाईनं घेणारा प्रत्येक वस्तूवर घाईचा कर भरतो. याला अपवाद खुर्चीचा. ज्या खुर्चीवर रोज सहा-आठ तास अभ्यास करायचा, ती पाठीला आधार देणारी हवी आणि लवकर हवी.

ही काटकसर हौसेची नाही, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं. मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि एका महिन्याइतकी अनामत असं सगळं आधीच मागू शकतो. दलालाचं महिन्याभराच्या भाड्याइतकं शुल्कही पूर्वी बहुधा भाडेकरूवर पडायचं; १ ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या कायद्यानं ते दलाल नेमणाऱ्यावर टाकलं आहे. शिकत असताना कामाची मुभा सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांची, तीही विद्यापीठाच्या आवारात. चमचा घेण्याआधीच तीन महिन्यांचं भाडं गेलेलं असतं. अशा वेळी टेबलावर वाचलेले पैसे म्हणजे काही आठवड्यांचा किराणा असतो.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची अडचण. शिक्षण संपवून जाणारे विद्यार्थी मे महिन्यात निघू लागतात. नवे येतात ऑगस्टमध्ये. वस्तू सोडणारा आणि वस्तू हवी असणारा यांच्यामध्ये तीन महिन्यांची दरी पडते. पुष्कळशा चांगल्या वस्तू या दरीत पडून कचऱ्यात जातात. ही दरी भरून काढतात ती उन्हाळ्यात तिथेच राहिलेली मुलं. कुणी आपल्या हॉलच्या कोपऱ्यात चार खुर्च्या रचून ठेवतं, कुणी कुकरचा डबा जपतं, कुणी सीनियरच्या ‘मूव्ह-आउट’ यादीतला पलंग नव्या येणाऱ्यासाठी राखून ठेवतं. व्हॉट्सॲपच्या गटावर एक ओळ टाकायची आणि थोडी जागा द्यायची, एवढंच ते काम. पण त्यामुळे कुणा अनोळखी मुलीचा पहिला महिना सुसह्य होतो. निघण्याआधी जूनमध्येच अशा गटात शिरावं, आपली गरज स्पष्ट सांगावी आणि ओझं उचलायला आपण स्वतः येऊ हेही सांगावं.

बॉस्टनला या कामाची परंपरा आहे. १९०२ मध्ये तिथल्या साउथ एंड भागात एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकानं सधन घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं, गरीब स्थलांतरितांना ते दुरुस्त करायला शिकवलं आणि त्याच्या विक्रीतून त्यांना मजुरी दिली. त्यातूनच आजची गुडविल ही संस्था उभी राहिली. जिथे वस्तू नकोशी झाली तिथून ती जिथे हवी आहे तिथे पोचवणं, हेच हेल्म्स यांनी केलेलं काम. दिवाणखान्यात पलंग राखून ठेवणारा विद्यार्थी लहान प्रमाणावर तेच करतो.

म्हणून वस्तू घेताना दोनदा विचार करावा: ती वर कशी न्यायची, आणि आपण गेल्यावर ती कुणाकडे जाईल. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण तिचा शेवट आपल्यालाच करावा लागणार आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १ नोव्हेंबर २०२२ पासून गाद्या कचऱ्यात टाकायला बंदी आहे. फुटपाथवर सोडून निघून गेल्यानं जबाबदारी संपत नाही. पाच साध्या गोष्टी केल्या, तर तिचा पुढचा प्रवास सोपा होतो: जोडणीचे स्क्रू आणि चावी पिशवीत घालून टेबलाखाली चिकटवावी, वस्तूची लांबी-रुंदी लिहून ठेवावी, तिच्यात काही खोट असेल तर आधीच सांगावी, निघण्याच्या महिनाभर आधी गटात नाव टाकावं, आणि परवडत असेल तर घेतलेल्या किमतीपेक्षा कमी मागावं. ज्या विद्यार्थ्यानं स्वस्तात घर लावलं, त्याच्या वाटचं ओझं आधी कुणीतरी उचललेलं असतं. पुढच्याचं ओझं थोडं हलकं करून निघणं, हा त्याच व्यवहाराचा उरलेला भाग आहे.