धाव आणि नेम



आषाढी-कार्तिकीची वाट चालणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरांतून अलीकडे एक नवाच प्रश्न उभा राहू लागला आहे. घरातला तरुण नातू पहाटे चारला उठतो, पायांत बूट चढवतो आणि रस्त्याला लागतो. कशासाठी? तर जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन आहे आणि त्याची ती पहिलीच. आजोबा विचारतात, "अरे बाबा, कोणी पाठीस लागले आहे का? पळून मिळायचे काय?" नातू म्हणतो, "आजोबा, तुम्ही आळंदीहून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटर चालता. तुम्हांला काय मिळते?" दोघांचेही प्रश्न खरे आहेत. घरात भांडण नको म्हणून ते दडपण्यापेक्षा त्यांचा थोडा विचार केलेला बरा.

पहिली गोष्ट ही की, धावणे वारकऱ्याला परके नाही. वेळापूरच्या वाटेवर धावा बावीच्या टेकाडावरून तुकोबारायांना पंढरीचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, अशी आठवण आपण सांगतो. आजही तिथे आले की सत्तरीची म्हातारी माणसेसुद्धा उतारावरून धावतात. रिंगणात अश्वापूर्वी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या धावतात. तेव्हा धावणाऱ्याला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

आता ही मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहा. १८९६ साली अथेन्सला पहिल्या ऑलिंपिकमध्ये ती धावली गेली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडनच्या शर्यतीत ते ४२ किलोमीटर १९५ मीटर धरले गेले आणि १९२१ साली तेच माप कायम झाले. नवखा माणूस यासाठी चार-पाच महिने तयारी करतो. आज पाच किलोमीटर, काही दिवसांनी आठ, मग बारा, मध्ये विश्रांती, असे करीत अंतर वाढवतो. एकदम तीस धावायला गेला तर गुडघा धरून घरी बसतो.

अहो, आपल्या नेमाचे याहून काय वेगळे आहे? गळ्यात माळ पडते त्या दिवशी उत्साह असा की, रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वाचीन म्हणतो. आठ दिवस वाचतो. नवव्या दिवशी पाहुणे येतात, दहाव्या दिवशी डोके दुखते, आणि पंधराव्या दिवशी ग्रंथ फडक्यात बांधलेला तो बांधलेलाच राहतो. त्यापेक्षा रोज पाच ओव्या वाचल्या असत्या तर? बाराव्या अध्यायात माउलींनी अभ्यासाची थोरवी गायिली आहे ती उगाच नव्हे. पहिल्या मॅरेथॉनला नवख्याची नेहमीची चूक हीच. गर्दी, ढोल, टाळ्या यांच्या भरात पहिले पाच किलोमीटर तो वाऱ्यासारखा पळतो आणि त्याची किंमत शेवटच्या दहांत मोजतो. पाणी थोडे प्याले तर चक्कर येते. भीतीने फारच प्याले तर रक्तातले मीठ उतरून जिवावर बेतते. खाण्यापिण्यात आणि वागण्यात बेताने राहावे, असे भगवंतांनी सहाव्या अध्यायात अर्जुनाला सांगितले. ते धावणाऱ्यालाही लागू आहे आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोट फुगेपर्यंत जेवणाऱ्यालाही!

यापुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. पळणाऱ्याची ती शिदोरी. साधारण तीस किलोमीटरच्या सुमारास ती संपत येते. पाय शिशाचे होतात, मन म्हणते, बस कर. मुंबईत तर त्याच सुमारास, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, पेडर रोडचा चढ उभा राहतो. खरी मॅरेथॉन तिथून सुरू होते, असे जाणते धावणारे म्हणतात.

आपल्यापैकी किती जण आज या चढावर उभे आहेत! पहिल्या वारीत डोळ्यांतून धारा लागत होत्या. आता चालतो, पण डोळे कोरडे. पूर्वी कीर्तनात देहभान हरपे. आता मनात घरची कामे. हरिपाठ म्हणतो, पण गोडी नाही. मग माणूस खचतो. म्हणतो, देव आपल्यावर रुसला, आता हे ढोंग कशाला? सज्जनहो, तसे नाही. ती पहिली गोडी म्हणजे देवाने बांधून दिलेली शिदोरी होती. वाटेला लावण्यापुरती ती होती. ती संपली म्हणजे वाट चुकली असे नव्हे. अर्धी वाट मागे पडली, असे समजावे. धावणारा त्या चढावर चाल मंदावतो, लागलेच तर चालतो, पण रस्ता सोडीत नाही. आपणही गोडी नसताना हरिपाठ म्हणावा. गोडी असताना म्हटलेला हरिपाठ थोडा आपल्या सुखासाठी असतो. गोडी नसताना म्हटलेला केवळ देवासाठी असतो.

कोणी विचारील, पहिला नंबर येणार नसेल तर पळायचे तरी कशाला? ऐका. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी आपले खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. ती भारताची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. बेळगावचे फडेप्पा चौगुले तीत धावले. अंतर नेहमीपेक्षाही जास्त, ४२ किलोमीटर ७५० मीटर. त्यांनी ते २ तास ५० मिनिटांत आणि वर काही सेकंदांत पुरे केले. क्रमांक १९ वा. बरोबर सदाशिव दातार होते. त्यांची शर्यत पुरी झाली नाही. पण वाट पाडण्याचे श्रेय दोघांचेही.

आणि १९६८ साली मेक्सिकोत टांझानियाचे जॉन स्टीफन अखवारी वाटेत पडले, गुडघा निखळला. पाऊणशे जण निघाले होते, त्यांतले अठरा जण वाटेतच थांबले. अखवारी पायाला पट्टी बांधून लंगडत, विजेत्यानंतर तासाभराहून उशिरा, ५७ वे म्हणजे सर्वांत शेवटचे पोहोचले. त्या दिवशीच्या विजेत्याचे नाव आज किती जणांना आठवते? अखवारींचे नाव जगाने जपले.

येथवर धाव आणि वारी बरोबरीने चालल्या. आता त्या वेगळ्या होतात. १९०८ च्या लंडनच्या शर्यतीत इटलीचे दोरांदो पिएत्री सर्वांच्या पुढे मैदानात शिरले, पण शक्ती संपली होती. पुनःपुन्हा कोसळले. अधिकाऱ्यांना दया आली, त्यांनी हात देऊन रेषा ओलांडवली. आणि हात दिला म्हणूनच ते बाद ठरले! राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी चषक देऊन त्यांचे सांत्वन केले, पण शर्यत गेली ती गेलीच. नियम चुकीचा नव्हता. शर्यतीत स्वतःच्याच पायांनी पोहोचावे लागते.

पंढरीच्या वाटेवर मात्र उलटा न्याय आहे. येथे कोणाचाच हात न घेता पोहोचलो असे म्हणणाराच बाद! कोणी पाणी दिले, कोणी भाकरी दिली, कोणी पाय चेपले, संतांनी वाट दाखवली, तेव्हा आपण चाललो. जो पडतो त्याला उचलणारा येथे वाटेतच भेटतो. आणि आणखी एक. शर्यतीची रेषा धावणाऱ्याकडे एक पाऊलही चालून येत नाही. आपला देव पुंडलिकाच्या दारी स्वतः चालून आला आणि विटेवर उभा राहिला. पुंडलिक तर कोठेच गेला नव्हता. आईबापांच्या सेवेत बसला होता. म्हणून ज्यांचे पाय आता थकले, ज्यांची यंदाची वारी चुकणार, त्यांनी हळहळू नये.

तेव्हा आजोबांनी नातवाला अडवू नये. डॉक्टरांकडून छाती तपासून घे, हळू सुरुवात कर, एवढे सांगून आशीर्वाद द्यावा. नातवाने गळ्यातल्या पदकाचा ताठा धरू नये. पण "माझ्या तीस वाऱ्या झाल्या" असे चारचौघांत सांगणाऱ्याने आपल्याही गळ्यात तेच पदक नाही ना, हे चाचपून पाहावे. आणि बेचाळीस किलोमीटर धावून आलेल्या त्या पोराने संध्याकाळी घटकाभर म्हाताऱ्याचे पाय चेपावेत. मिळायचे काय, या दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर तेथे आपोआप मिळेल.

रामकृष्णहरि!