पहारा



आमच्या दिंडीतले विणेकरी बुवा, वय 68. रात्री चार-चारदा लघवीला उठतात म्हणून मुलाने दवाखान्यात नेले. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढतेच, तेवढ्यावरून कॅन्सर समजू नये. बुवांची मात्र पीएसएची रक्ततपासणी जास्त आली, बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. गाठ लहान, संथ, ग्रंथीबाहेर न गेलेली. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: ग्रंथी काढणे, शेक देणे, किंवा तूर्त काही न करता ठरल्या वेळी तपासत राहणे. “तुम्ही ठरवा,” म्हणाले. बुवांनी हात जोडले, “पांडुरंग ठरवील.”

ऐकून तुम्हाला बरे वाटले ना? मलाही वाटले. मग रात्रभर एकच टोचत राहिले. जे हातात घेतलेच नाही, ते त्याच्या पायांवर वाहायचे कसे?

दुसऱ्या दिवशी खोदून विचारले. बुवांना मरणाचे भय नव्हते. ऑपरेशननंतर काहींना लघवी आवरत नाही, हे त्यांच्या कानावर आले होते. गळ्यात वीणा, समोर टाळकरी आणि धोतर ओले झाले तर? पुरुषपणाचीही धास्ती होती. ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. म्हणजे ठरवणार होती लाज, आणि नाव पांडुरंगाचे!

ब्रिटनमध्ये अशाच सुरुवातीच्या कॅन्सरच्या 1,643 पुरुषांना या तीन वाटांवर नेऊन सुमारे 15 वर्षे पाहिले. निष्कर्ष 2023 मध्ये आले. कुठल्याही वाटेने गेलेल्या शंभरातले सुमारे 97 जण या रोगाने दगावले नाहीत. मात्र नुसत्या देखरेखीवर असलेल्यांत शंभरी नऊ जणांचा रोग शरीरात इतरत्र पसरला, बाकी दोन्हींत पाच जणांचा. फुकट वाट एकही नाही. रोग आधीच पसरलेला असेल तर हा हिशेब लागूच होत नाही.

पुढच्या खेपेला बुवा बायकोला घेऊन गेले. लाजेचे प्रश्न तिनेच विचारले. बुवांनी तपासत राहण्याची वाट घेतली. गाठ वाढली तर ऑपरेशन, हेही तेव्हाच ठरवले.

“म्हणजे काहीच करायचे नाही?” टाळकऱ्यांपैकी कुणीतरी विचारले.

बुवा हसले. “सप्ताहात पहाऱ्याला उभा राहणारा काही करत नसतो का रे?”

पुढची रक्ततपासणी आषाढीहून परतल्यावर आहे. तारीख त्यांनी हरिपाठाच्या पोथीत लिहून ठेवली आहे.