नोटबुक चाललं म्हणजे पडताळा झाला?

चेतापेशींतल्या विद्युत संकेतांचं मॉडेल मांडणाऱ्या शोधनिबंधाखाली हल्ली एक ओळ बहुतेक वेळा असतेच: कोड नोटबुकच्या रूपात खुला आहे. परीक्षक लिंक उघडतो, त्यातले सगळे सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वरपासून खालपर्यंत चालवतो, निबंधातली आकृती पडद्यावर उमटते आणि पडताळा झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. कोड खुला करणं चांगलंच. पण मित्राच्या वहीतलं गणित उतरवून काढलं तर उत्तर जुळणारच. ते बरोबर आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

चेतापेशीतल्या संकेताची समीकरणं मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांची 1952 ची कहाणी या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. म्हाकुळाचा जाड अक्षतंतू, केंब्रिजचा एड्सॅक संगणक उपलब्ध नाही, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या ब्रन्सविगा यंत्रावर केलेली आकडेमोड. संकेताचा वेग सेकंदाला 18.8 मीटर निघाला. प्रत्यक्षात मोजलेला होता 21.2. या कौतुकात एक गोष्ट निसटते. समीकरणं, वाहकतांचे 120, 36 आणि 0.3 हे आकडे, 6.3 अंश सेल्सिअस तापमान, सगळं निबंधात छापलेलं होतं. वाटायला प्रोग्रॅम नव्हता, तरी मॉडेल पूर्णपणे वाटलं गेलं होतं.

त्याचं मोल पुढच्या सात वर्षांत कळलं. 1955 मध्ये कोल, अँटोसिविझ आणि रॅबिनोविट्झ यांनी हीच समीकरणं अमेरिकेतल्या सीॲक संगणकावर सोडवली. निष्कर्ष असा, की उद्दीपन उंबरठ्यापलीकडे गेलं तर पूर्ण संकेत, अलीकडे राहिलं तर काहीच नाही. अधलंमधलं काही नाही. पाठ्यपुस्तकातल्या ‘सर्व किंवा शून्य’ नियमाशी हे तंतोतंत जुळत होतं. 1959 मध्ये फिट्झह्यू आणि त्याच अँटोसिविझ यांनी त्या आकडेमोडीतली चूक दाखवून दिली. दुरुस्त हिशेबात उंबरठा फार तीव्र निघाला, पण सलग: उद्दीपन पुरेशा बारकाईने बदललं, तर मधल्या उंचीचे संकेतही मिळतात. जुना प्रोग्रॅम शंभर जणांना वाटला असता आणि त्यांनी तो जसाच्या तसा चालवला असता, तर तेच चुकीचं उत्तर शंभरदा आलं असतं. ताडून पाहायला प्रोग्रॅमबाहेर, कागदावर समीकरणं होती, हे महत्त्वाचं.

पुढचा प्रवास परिचित आहे. न्यूरॉन, जेनेसिस हे सिम्युलेटर, 1996 पासून येलचं मॉडेलडीबी हे मॉडेलांचं भांडार, 2011 चं आयपायथन नोटबुक, 2014 मध्ये ज्युपिटर. मॉडेलं निबंधात मावेनात इतकी फुगली आणि कोड हेच मॉडेल झालं. नोटबुक मुळात चाचपडण्यासाठी सोयीचं. त्यात सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात. मूळ मांडणीत विश्रांत विभव शून्य होतं, आज ते -65 मिलिव्होल्ट धरतात. हा 65 चा फरक जुळवणारा सेल चुकून दोनदा चालला, तर हिशेब बिघडतो आणि आधीची देखणी आकृती पडद्यावर तशीच राहते. -55 मिलिव्होल्टला पोटॅशियमच्या एका दरात शून्य भागिले शून्य येतं, तिथे 0.1 ही सीमा घ्यायची असते. ती घेतली की नाही, हे आकृती सांगत नाही.

2019 मध्ये पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरची सुमारे 14 लाख नोटबुकं गोळा केली. त्यांतली चालवून पाहता आली त्यांपैकी जेमतेम 24 टक्के विनाचूक चालली आणि 4 टक्क्यांच्या आसपास नोटबुकांनी आधीचेच निकाल दिले. यावर उपाय म्हणून सगळी नोटबुकं सुरळीत चालावीत, असा आग्रह धरला जातो. तो रास्त आहे, पण पुरेसा नाही.

परीक्षकांना एकच विनंती: नोटबुक आधी बंद ठेवा. निबंधात दिलेल्या समीकरणांवरून निदान एका आयन-चॅनेलचा कोड स्वतः लिहून पाहा. तेवढंही लिहिता आलं नाही, तर निबंध अपुरा आहे. नोटबुक कितीही सुरळीत चालो.