हजेरी

नंदाखालला एक सर होते. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं.

वसईच्या या पट्ट्यात दिवस फार लवकर सुरू होतो. वाडीतला मोगरा वेळेत खुडायचा, टोपल्या भरायच्या आणि विरारला जाऊन दादरची गाडी गाठायची. त्यामुळे पहिल्या तासाला मुलींच्या बोटांना फुलांचा वास असायचा आणि डोळ्यांत झोप. सर पहिल्या तासाला कधी नवीन प्रमेय घेत नसत. पोरं जागी होईपर्यंत पाढे म्हणून घेत, मग फळ्याकडे वळत.

गाव तसं बोलणाऱ्यांचं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. सर मात्र मोजकं बोलत. म्हणूनच बहुधा त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी एका रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चार जुने सहकारी त्यांच्याभोवती जमले.

"सर, या खेपेला तुम्ही उभे राहा."

जागा होती विधान परिषदेची, कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची. परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ७ जण शिक्षकांनी निवडून द्यायचे असतात. पगार, पेन्शन, शाळांचं अनुदान यांवर सभागृहात बोलायला शिक्षकांची ही हक्काची जागा. मतदार शिक्षकच लागतो. गंमत अशी की उमेदवारही शिक्षकच असावा, असं मात्र कायदा म्हणत नाही. सरांना हे वर्षानुवर्षं खटकत होतं. हातात खडू धरलेला माणूस तिथं जायला हवा, असं त्यांना मनापासून वाटे. ते हो म्हणाले.

दहा मतदारांच्या सह्या झाल्या. १०,००० रुपये अनामत भरली. बेलापूरच्या कोकण भवनात अर्ज गेला. मग मतदारांची यादी हाती आली आणि सरांचे दिवस बदलले.

पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे. वर तलासरी, खाली दोडामार्ग. एक भाड्याची जीप, एक ड्रायव्हर आणि पुढच्या सीटवर यादी मांडीवर घेऊन बसलेले, सरांच्या सोबतीला आलेले एक निवृत्त मास्तर. या यादीत नाव यायचं तर मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेलं असावं लागतं. पहिली ते चौथीच्या गुरुजींना इथं मत नाही. बालवाडीच्या ताईंना नाही. शाळेची घंटा देणाऱ्या शिपायालाही नाही.

पहिले काही दिवस सर प्रत्येक शाळेत सगळ्यांना भेटले. मास्तर घड्याळ दाखवू लागले. "सर, इथं तीनच मतं आहेत. चला." पुढं पुढं सर स्वतःच विचारू लागले, "इथं किती?" मास्तर आकडा सांगत. आकडा लहान असला की जीप थांबत नसे.

जव्हारच्या एका शाळेत ते शिक्षकांच्या खोलीत बोलले. जुन्या पेन्शनचा विषय निघाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले सगळे तावातावाने बोलू लागले. सर निघाले तेव्हा एक तरुण जीपमागे धावत आला. हातात फाईल होती. तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवत होता, कितीतरी महिन्यांचं मानधन अडकलं होतं.

"किती वर्षं झाली?" मास्तरांनी विचारलं.

"दोन होतील, सर."

मास्तरांनी यादीवरून नजर वर केली आणि ड्रायव्हरला खूण केली. सरांनी फाईल घेतली. "बघतो हं," म्हणाले आणि ती सीटखाली सरकवली.

नंदाखालमध्ये रस्त्याला लागूनच एका जुन्या घराच्या ओट्यावर एक बाई बसत. ऐंशी उलटलेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पहिलीला शिकवलं होतं. सरांनाही. पुढ्यात सूप घेऊन त्या मोगऱ्याच्या कळ्या निवडायच्या, टपोऱ्या एकीकडे, उमलू लागलेल्या दुसरीकडे. पूर्वी सर शाळेत जाताना तिथं दोन मिनिटं थांबत. प्रचाराच्या दिवसांत जीप तिथून तीनदा गेली. पहिल्या दिवशी सरांनी काच खाली करायला हात नेला होता. "प्राथमिकच्या ना?" मास्तर म्हणाले. सरांनी हात मागे घेतला.

मतदान झालं. त्यात आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेनानं उमेदवारांपुढं पसंतीचे आकडे घालायचे असतात, १, २, ३ असे. टिकमार्क केली किंवा अक्षरी 'एक' लिहिलं की मत बाद. जन्मभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्यांचीही काही मतं बाद होतात, हे सरांनी नवी मुंबईत मतमोजणीच्या टेबलाशी उभं राहून पाहिलं आणि त्यातही त्यांना थोडं हसू आलं.

पहिल्या पसंतीची मतं मोजली. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, एवढा कोटा हवा असतो. तो कुणालाच गाठता आला नाही. मग सगळ्यांत खालचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवरची पुढची पसंती बघून ती दुसऱ्याच्या खणात टाकायची. तिसऱ्या फेरीला सरांचं नाव पुकारलं गेलं. त्यांचा गठ्ठा सुटला. एकेक कागद उचलला जाऊ लागला. हा इकडे, तो तिकडे. काहींवर नुसताच १ होता, पुढं काहीच नाही. ते बाजूला ठेवले गेले. गणिताचा माणूस होता, रीत चोख आहे हे त्यांना कळत होतं. तरी ते शेवटचा कागद ठेवला जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

रात्री उशिराच्या लोकलनं ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी जीप नव्हती. सर पायी निघाले. ओट्यावरून हाक आली.

"सतरा नंबर!"

बाईंना मुलांची नावं आठवत नसत, हजेरीपटावरचे नंबर आठवत.

"हजर, बाई," सर म्हणाले आणि पायरीवर बसले.

"पडलास म्हणे."

"पडलो."

"लागलं का?"

सर हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. जिल्हे, यादी, कोटा, फेऱ्या. बाई कळ्या निवडत ऐकत होत्या.

"यादीत असतात ते कोण?"

"ज्यांना मत आहे ते."

"बरं. आणि हजेरीपटात?"

सरांना प्रश्न कळला नाही. बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"अरे, समोर बसलेली पोरं दिसतातच. त्यांच्यासाठी कशाला पट हवा? हजेरी न आलेल्यासाठी घ्यायची. ज्याच्यापुढं लाल टिंब पडलं, त्याच्या घरी संध्याकाळी जायचं. तू किती दिवस आला नव्हतास, आठवतं?"

सरांना आठवलं. पाऊस सरला होता. वाडीला पाणी द्यायला माणूस नव्हता म्हणून बापानं त्याला रहाटाच्या बैलामागं लावलं होतं. अकरा दिवस. बाई अकराही संध्याकाळी आल्या. बापाशी एका शब्दानं भांडल्या नाहीत. पदर खोचला, बैलाचा कासरा हातात घेतला आणि पोराला म्हणाल्या, तू नुसता चाल माझ्याबरोबर. एका फेऱ्याला एक पाढा. रहाटाचे डबे भरून वर यायचे, पाटात रिते व्हायचे, आणि पोरगा बैलामागं चालत बे एके बे म्हणायचा. बाराव्या दिवशी बापानंच त्याला शाळेच्या दारात आणून सोडलं.

"त्या वेळी मला तुझं मत नव्हतं हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सूप ओढून घेतलं. जरा वेळानं म्हणाल्या, "तुझी जीप तीनदा गेली इथनं. धुरळा बसला कळ्यांवर. मोगरा धुऊन विकता येत नाही रे, डाग धरतो. तीन दिवसांचा माल गेला."

तक्रारीचा सूर नव्हता. झालेला खर्च सांगावा तसं त्यांनी सांगितलं. सर मान खाली घालून कळ्या निवडू लागले.

कुठलंही पद मागायला निघालेल्या माणसाच्या हातात यादी येतेच. तिच्यावाचून चालत नाही. सर काही वाईट नव्हते, आणि आकडे मोजल्याशिवाय कुणी निवडून येत नाही हेही खरं. पण यादी हातात धरून चालणाऱ्याला हळूहळू तिच्यातलीच माणसं दिसू लागतात. शिक्षकाकडं दुसरं पुस्तक असतं, हजेरीचं. सर ते घरी ठेवून निघाले होते. ते सोबत घेतलं असतं तर ते जिंकले असते, असं मी म्हणणार नाही. कदाचित तिसऱ्याऐवजी दुसऱ्याच फेरीत बाद झाले असते.

चार दिवसांनी ड्रायव्हर जीप धुवायला काढताना सीटखाली सापडलेली फाईल घेऊन आला. सरांनी ती रात्री उघडली. अर्ज नीट लिहिलेला होता, अक्षर सुरेख होतं. फक्त तो भलत्याच कार्यालयाच्या नावे होता आणि तासांचा तक्ता जोडलेला नव्हता. म्हणूनच कागद हलत नव्हता. एवढंच.

सोमवारी सर विरारहून लोकलनं पालघरला गेले, तिथून जव्हारची एसटी धरली. शाळेत पोचले तेव्हा तो तरुण वर्गावर होता. सर बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. तास संपला. तो बाहेर आला, सरांना पाहून गोंधळला.

"सर, पुन्हा उभे राहताय का?" मग ओशाळून म्हणाला, "माझं नाव अजून यादीत नाही हो."

"माहीत आहे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, फाईल मांडीवर उघडली. "जूनपासून कुठल्या दिवशी किती तास घेतलेस, सांग बघू एकेक."