दोन बिऱ्हाडे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बदलीच्या नोकरीतील माणसे मोठ्या कौतुकाने स्वतःला लावून घेतात. परंतु विंचवाचे बिऱ्हाड एकच असते. आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांपैकी कित्येकांची दोन असतात : एक, जेथे आम्ही राहतो, दुसरे, जेथे आम्ही राहतो असे आम्हांस वाटते.

आमचे पहिले बिऱ्हाड दिल्लीत, करोलबागेतील एका गच्चीवर. १ जानेवारी २०२४ पासून येथील घरभाडे-भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला, तरी तो भाड्याला पुरत नाही. दुसरे बिऱ्हाड गिरगावच्या एका चाळीत, वडिलांच्या नावावरची एक खोली. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधारास धरले. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तरी त्या खोलीचे भाडे आमच्या चहाच्या खर्चाहून कमीच राहिले. आई गेल्यावर वडील आमच्याकडे आले, त्यास तीन वर्षे झाली. खोलीला कुलूप आहे. भाडे वेळच्या वेळी जाते. मग यात गैर ते काय?

गेल्या वर्षी चाळीतील शेजाऱ्यांच्या मुलाचे लग्न ठरले. त्यांच्या एका खोलीत सहा माणसे. "वर्षभर तुमची खोली निजायला द्याल का?" एवढेच त्यांनी विचारले. मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्यास ठेवता येत नाही, असे आम्ही उत्तर दिले. ते खरेही होते. परंतु ज्या तत्परतेने ते दिले, ती कायद्याविषयीच्या आदराची नव्हती. खोली परत मिळणार नाही ही भीती कायद्याच्या आडोशाला उभी होती. ती संमती मागून पाहावी, हे आमच्या मनातही आले नाही.

त्याच कायद्यात दुसरेही कलम आहे : सबळ कारणावाचून जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर मालकास ताबा मागता येतो. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यातही मुदत सहा महिन्यांचीच आहे. एक कलम आम्हांस तोंडपाठ होते. दुसरे सोयीने विसरले होते. दिवाळीत दोन दिवस जाऊन केर काढणे, दारात पणती लावणे, यास कोणी राहणे म्हणत नाही.

आमची बाजू अगदीच पोकळ नाही. निवृत्तीनंतर परतायचे कोठे? आणि खोली सोडली, तरी मालक ती गरजवंतासच देईल याची हमी कोण देणार? पण दुसऱ्याने काय करावे, या प्रश्नामागे आम्ही आमचा प्रश्न लपवीत होतो. खरोखर परतणारा मनुष्य परतण्याचे वर्ष ठरवितो. आम्ही ते कधीच ठरविले नाही.

अखेर वडिलांस विचारले. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी त्या दाराला दिवसा कडीसुद्धा नसे."

मग मालकांस पत्र लिहिले : शेजाऱ्यांस खोली वापरू देण्यास संमती द्यावी, ते मान्य नसल्यास मार्चअखेर किल्ली परत घ्यावी. वडिलांनी चष्मा पुसून सही केली. पत्र पेटीत टाकताना मात्र आमचा हात अडखळला, हे कबूल केले पाहिजे.