नाव कुणासाठी ठेवायचं?

मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास दत्तजन्माचा पाळणा हलतो. त्याच दिवसांत आपल्या काल्हेरमध्ये एखाद्या घरी बारशाची तयारी चाललेली असते आणि नावावरून वाद रंगलेला असतो. आजीला देवाचं नाव हवं, आत्यानं मोबाइलवर यादी काढलेली, आणि आईबापांची अट एकच, "वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं!"

दत्तभक्तहो, वेगळं नाव ठेवण्यात पाप नाही. विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंच्या लेकरांची नावं पाहा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. क्रमानं घेतली तर साधनेची वाटच दिसते. पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत. ऐकायला ओबडधोबड, पण लेकराला दृष्ट लागू नये, ते जगावं, एवढीच त्यामागे तळमळ.

मात्र 'नकुशी' हेही नावच होतं. मुलगी नको होती, ते तिला हाक मारता मारता रोज ऐकवायचं! २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं मिळाली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. त्याला हसू नये. 'नको' पुसायला जे हाताशी आलं, ते त्यांनी घेतलं.

धोंडू आणि नकुशी, दोन्ही नावं चारचौघांत कमीपणाची वाटणारी. फरक आहे तो ठेवणाऱ्याच्या मनात. म्हणून नाव नवं की जुनं, हा प्रश्नच दुय्यम. मूल दहा वर्षांचं झाल्यावर विचारील, "माझं हे नाव का ठेवलंत?" तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर देता येईल का? "तू जगावास म्हणून" हे उत्तर देता येतं. "नको होतीस म्हणून" हे देता येत नाही. आणि "दुसऱ्या कुणाचं नव्हतं म्हणून" हे उत्तर खोटं नाही, पण फार तोकडं आहे. त्यात शेजारीपाजारी आहेत, मूल कुठेच नाही.

कुणी म्हणेल, मूल आमचं, हौस आमची. हौस जरूर करावी. पण बारसं एका दिवसाचं, नाव मात्र त्या जीवाला जन्मभर वागवायचं असतं. आपल्या दैवताचं नावच काय सांगतं? दत्त म्हणजे दिलेला. देवानं स्वतःला अत्रींच्या पदरात घातलं, म्हणून दत्त. अत्रींचा पुत्र, म्हणून आत्रेय. दिलेली वस्तू सांभाळायची असते, मिरवायची नसते. कारंज्याच्या माधव-अंबेचा नरहरी पुढे संन्यास घेऊन नृसिंह सरस्वती झाला. आईबापांनी दिलेलं नाव ही सुरुवात असते, मालकीची मोहोर नव्हे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव मागाहून घालता येतं. तेव्हा घाई करू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचंही नाव लागतं. मग नाव ठरवताना तिचा शब्द शेवटी का विचारायचा?

यादी जरूर काढा. पण बाळाच्या कानात जे सांगाल, त्यामागचं कारण त्याला उद्या मोठ्यानं सांगता येईल असं असू द्या.

श्रीगुरुदेव दत्त!